आरशाचा इतिहास सांगणारे डॉक्टर

आमच्या वरच्या मजल्यावरचे न्यूरॉलॉजिस्ट आमच्याकडच्या प्रत्येक जेवणात चष्मा कपाळावर सरकवून तेच व्याख्यान देत. स्कॅन नव्हते तेव्हाचे डॉक्टर भोक पाडलेल्या आरशातून डोळ्यात बघत आणि आतली सुजलेली नस पाहून मेंदूतली गाठ ओळखत. "डोळा म्हणजे मेंदूची खिडकी, काय?" त्या 'काय'नंतर ते उत्तरासाठी कधीच थांबत नसत.

एकदा माझ्या बायकोने त्यांना रोजची डोकेदुखी आणि अंधुक दिसणं सांगितलं. "वहिनी, मोबाइल कमी करा, काय?" म्हणत ते पुन्हा आरशाच्या इतिहासाकडे वळले.

पुढे स्कॅनमध्ये तिच्या मेंदूत गाठ निघाली. एका डोळ्याची दृष्टी गेली. ते वॉर्डात आले आणि तिच्या नसेचा फोटो पाहून खुलले. "क्लासिक! व्याख्यानात दाखवतो, काय?"

माझ्या तोंडून शिवी निघण्याआधी तीच म्हणाली, "भाऊजी, माझ्या डोळ्यात बघायला आज वेळ मिळाला?"