ते चौघं कोणाच्या कुळातले?

जवळ ये गो शैला, कागदातून का होईना. रोहा ते पेण अंतर केवढं, पण मावशीकडे यायला तुला सवड नाय. वर फोनवर विचारतेस, मावशी, तुझी प्रार्थना खरंच कुणी ऐकतं का? गेल्या थंडीत मीही देवाला हेच विचारत होते, म्हणून रागावत नाही. ऐक.

आपली रूथ पापुआच्या डोंगरात बायबलचं भाषांतर करते, तुला ठाऊकच. त्या लोकांच्या भाषेत आजवर पुस्तकच नव्हतं. आधी मजकूर वाचून दाखवायचा, मग गावातल्या कुणी तो आपल्या शब्दांत परत सांगायचा. सांगता आला तरच पक्का, अशी त्यांची कामाची रीत. लुळ्या माणसाला चौघं जण उचलून येशूकडे नेतात ना, त्या गोष्टीवर याको नावाचा म्हातारा अडून बसला. "ते चौघं त्याच्या कुळातले होते का, ते आधी सांग. परक्या कुळाच्या माणसाला कोण उचलतं?" शास्त्रात तसं काही लिहिलेलंच नाही. त्यानं गोष्ट सांगायला नकार दिला आणि त्याचं बघून बाकीचेही येईनासे झाले. "आई, मी परत येते," रूथ म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून फोन बंद.

नऊ दिवस मी फोन मांडीवर घेऊन बसले. तिला जा म्हणणारी मीच. माझ्या प्रार्थनेत विश्वास कमी नि भांडण जास्त होतं. शेजारची अमिनाबी, जिचा मुलगा कतारला असतो, वालाच्या ओल्या शेंगा घेऊन ओट्यावर आली.

"फोनला पूजतेस काय गो? माजा पोरगा आठ-आठ दिस बोलत नाय. मी चूल विझवून बसते काय? धर, सोल."

"माझ्याच्यानं होत नाही गो."

"मग फोन हिकडं दे. तुजा देव काय फोनात बसलाय?"

तिनं फोन ओढून आपल्या टोपलीत टाकला. नऊ दिवसांत पहिल्यांदा मी काही मागितलं नाही. तुझी पोर, तूच सांभाळ, एवढंच म्हटलं आणि शेंगा सोलायला घेतल्या. त्या संपायच्या आत फोन वाजला, दवाखान्यातून रूथ बोलत होती. याला काय म्हणायचं ते तू म्हण, मी घडलं ते सांगते.

रूथला मलेरियाचा ताप चढला होता, शुद्ध नव्हती. विमान उतरतं ते मैदान दोन दिवसांच्या पायवाटेवर. आपल्या डोंगरातल्या वाड्यांवरून आजारी माणूस झोळीत घालून खाली आणतात, तसं तिला आणलं. झोळीच्या बांबूच्या पुढच्या टोकाला याको, बाकी त्याचे तीन मुलगे. मैदानाजवळच्या दवाखान्यात ती डोळे उघडून बसली, तेव्हा तो म्हणाला, "आता वाच. आता मला सांगता येईल." आणि त्यानं ती गोष्ट पहिल्यापासून सांगितली. चौघांचं कूळ त्यात आलं नाही. बांबूनं खांदा कुठे सोलवटतो, ते मात्र आलं.

मला वाटायचं, पोरीला मीच धरून ठेवलंय. हात सोडले तेव्हा दिसलं, देवानं किती खांदे लावले होते. एक तर माझ्याच ओट्यावर, शेंगा सोलत.

नाताळाला रूथ येतेय. तू तोवर थांबू नको, या रविवारीच ये. अमिनाबी विचारत होती, तुझी ती रोह्याची भाची हाय तरी का खरी?