पुढची दांडी रुंद असावी की अरुंद

निपाणीत आमच्या गल्लीच्या उतारावर मुले बेरिंगच्या गाड्या पळवीत, ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नगरपालिकेला एकाएकी आक्षेपार्ह वाटू लागली. गाडी म्हणजे काय, तर एक फळी, तिच्याखाली दोन आडव्या दांड्या आणि दांड्यांच्या टोकांना गॅरेजवाल्यांनी टाकून दिलेली ट्रकची बेरिंगे. मागची दांडी पक्की ठोकलेली. पुढची एका बोल्टवर फिरणारी. दोरी ओढली की दांडी फिरते आणि गाडी वळते. इतके निरुपद्रवी यंत्र! तरीही एका अधिकाऱ्याने फर्मावले की, उतार जिथे वळतो तिथल्या तंबाखूच्या वखारीपाशी गाडी वळते हे सिद्ध न झाल्यास सर्व गाड्या जप्त होतील.

मी तेव्हा एका वकिलांकडे कारकून होतो. अधिकाराचा दुरुपयोग मला आजही सहन होत नाही. तेव्हाही होत नव्हता. मी लांबलचक हरकत पाठवली. 'सदर वाहन कोणतीही प्रौढ व विचारी व्यक्ती सहज वळवू शकते,' असे तीत ठणकावून लिहिले. उलट टपाली उत्तर आले : मग अर्जदारानेच रविवारी सकाळी वळवून दाखवावे.

आता प्रश्न पुढच्या दांडीचा. रुंद दांडीने गाडी स्थिर राहते, पण वळायला कुरकुरते. अरुंद दांडी चटकन वळते, पण वेगात थरथरते. मी रुंद दांडी आणि घट्ट आवळलेला बोल्ट यांच्या बाजूचा. समोरच्या विडी वळणाऱ्या आक्का विरुद्ध पक्षात.

“रुंद घालशीला तर सरळ वखारीत शिरशीला बघा, अण्णा.”

“आक्का, स्थैर्य हा वाहनाचा पहिला गुण आहे.”

“म्हस बी लई स्थिर असतीया. वळतीया का ती?”

मी चाचणी घेतली. गाडी अत्यंत स्थिरपणे आक्कांच्या पडवीत शिरून विडीच्या पानांच्या टोपलीत थांबली. तेव्हा मी निषेध नोंदवून अरुंद दांडी स्वीकारली आणि बोल्ट भरपूर सैल केला.

रविवारी सारी गल्ली जमली.

“अण्णा, चष्मा काढून बसा!”

“काढल्यावर दिसंल कसं त्यास्नी?”

“दिसून तरी काय करनार हाईत?”

मी चष्मा नाकावर घट्ट बसवून फळीवर बसलो. गाडी सुटली. वखारीपाशी मी दोरी ओढली आणि गाडी वळली. वळली, आणि वळतच राहिली. पाहणीसाठी सुरक्षित जागा म्हणून अधिकारी वळणाच्या आतल्या बाजूस उभे होते. पुढच्या क्षणी ते माझ्या मांडीवर बसून माझ्याबरोबर उतार उतरत होते.

“थांबवायचं कसं हे?” ते ओरडले.

“तो मुद्दा आपल्या पत्रात नव्हता,” मी म्हणालो.

सार्वजनिक नळाच्या डबक्यात आम्ही थांबलो. चिखल झटकत त्यांनी मान्य केले की गाडी वळते. लेखी आदेशही आला : मुलांना परवानगी; प्रौढांस सक्त मनाई.

“पोरांचं काम झालं की वो,” आक्का म्हणाल्या.

झाले, हे खरे. परंतु माझे म्हणणे न ऐकता मला वगळणे नैसर्गिक न्यायाला धरून नव्हते. मी अपील केले आणि निकाल लागेपर्यंत गाडी माझ्या ताब्यात राहील असे मुलांना बजावले. त्यांनी ती संध्याकाळीच पळवली. आदेश त्यांच्या बाजूने होता आणि फळीही त्यांचीच होती. हरकत घ्यायला कुठेच जागा नव्हती. माझा संताप झाला तो त्यामुळेच.