झाडावर उरले किती?

वाचता येतं, बेरीज-वजाबाकी येते, पण शाब्दिक उदाहरण दिलं की तिसरीची पोरं माझ्या तोंडाकडे बघतात. "मॅडम, बेरीज का वजाबाकी?" अरे, मला काय विचारता? उदाहरणाला विचारा! मी तापट बाई, आवाज चटकन चढतो. पण त्यावर उपायही मीच काढला होता. पेन्सिल खाली ठेवायची, डोळे मिटायचे, गोष्ट डोळ्यांसमोर आणायची. आकडे मग.

आमची शाळा चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला. शाळेमागे केळीच्या बागा आणि बागांपलीकडे एकच घर. त्या घरची मुलगी माझ्या वर्गात होती. झाडावर पाच पोपट होते, दोन उडाले, उरले किती? ती डोळे घट्ट मिटायची आणि हसत सांगायची, "पाच."

"अगं बये, दोन उडाले ना?"

"बठ्ठा येतस नं मॅडम, संध्याकायले!"

मी कपाळावर हात मारायची. वर्ग खिदळायचा. सगळे परत येतात, यावर तिचा इतका विश्वास, की तिच्याकडून वजाबाकी होतच नसे.

त्या हिवाळ्यात बिबट्या आला. आधी कुणाचं वासरू गेलं, मग केळीच्या ओल्या मातीत पावलं दिसली. वनखात्याने पिंजरा लावला, तो रिकामाच राहिला. बाकीची मुलं रस्त्याने घोळक्याने जायची. हिची वाट मात्र बागेतून. रोज आई न्यायला यायची, आणि त्यांचा तांबडा कुत्रा त्याआधीच येऊन फाटकात बसलेला असायचा. तरी ती तिघं केळीत दिसेनाशी होईपर्यंत मी तिकडे बघत उभी राहायची.

एकदा आईला मजुरीवरून यायला उशीर झाला. मी वर्गाच्या खिडक्या लावत होते. आई धापा टाकत दारात आली.

"मॅडम, पोर कोठे शे?"

फाटकात पोर नव्हती, कुत्राही नव्हता.

रस्त्यावरची माणसं गोळा केली. थाळ्या बडवत, हाका मारत आम्ही बागेत शिरलो. केळीच्या बागेत चार हातांपलीकडचं दिसत नाही. खोडाला लोंबणारी वाळकी पानं वाऱ्याने खरखरतात, आणि प्रत्येक खरखरीला मी जागीच थिजत होते. डोळे उघडे असूनही समोर नको नको ते येत होतं. मेलं ते गोष्ट डोळ्यांसमोर आणणं! कुठून शिकवलं, असं झालं मला.

बागेतल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीचं दार आतून बंद होतं. आईची हाक ऐकून कडी निघाली. पोर धडधाकट होती, अंगावर ओरखडासुद्धा नाही. आईने आधी एक धपाटा घातला, मग तिला पोटाशी धरून हंबरडा फोडला.

"कुत्रा भुकना," पोर म्हणाली. "मंग गप झाया."

कुत्रा कुणाला सापडला नाही. त्यानंतर मीच तिला स्कूटीवर घरी सोडू लागले. मधल्या सुट्टीत ती फाटकात जाऊन उभी राहायची. हाक मारायची नाही, नुसती बागेकडे बघायची.

पुढे एक दिवस दुसऱ्याच एका मुलासाठी मी फळ्यावर पोपट मांडले. हिने हात वर केला. डोळे मिटलेच नाहीत.

"तीन."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. ज्या उत्तरासाठी मी इतका घसा कोरडा केला होता, ते आलं होतं, आणि माझ्या तोंडून शाब्बास निघेना. भीती वाटली मला, त्या बागेत वाटली होती तशीच.

"आणि संध्याकाळी गं?" मी विचारलं.

"संध्याकायले बी तीनच, मॅडम," ती म्हणाली आणि खाली बसली.