तिन्ही बाटल्या एकाच नळाच्या

गावाला पाणी कधी येणार हे एकाच माणसाला नक्की माहीत असायचं, आणि त्याला त्याची थोडी मिजासही होती. लोक त्याला चावीकाका म्हणत. कमरेएवढी लोखंडी चावी सायकलला बांधून सकाळी सहाला निघायचं, रस्त्यातली झाकणं उचलायची, चावी आत घालायची आणि व्हॉल्व्हला मोजून फेरे द्यायचे. बाजाराला बावीस, शाळेकडच्या भागाला सोळा. अशी सत्तावीस वर्षं झाली. साहेब आले नि गेले, फेरे मात्र त्याच्या डोक्यातच राहिले. घरी पाहुणे येणार असले की भले भले त्याच्या दारात उभे राहून म्हणत, "काका, उद्या जरा जास्त वेळ सोडा." तो उगाचच कपाळाला आठ्या घालायचा आणि सोडायचा.

त्याचं दुसरं काम बाटल्यांचं. पाण्यात जंतू मारायचं औषध उरलंय की नाही हे रोज बघायचं. बाटलीत दोन थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं की ठीक. नियमाप्रमाणे एक बाटली टाकीजवळची, एक मधल्या वस्तीतली आणि एक लाइनवरच्या अगदी शेवटच्या घरातली. पण नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात जुन्या चावीवाल्याने त्याला रीत शिकवली होती. टाकीखालच्या नळावर तिन्ही बाटल्या भरायच्या, वहीत सही करायची आणि चहा प्यायला जायचं. "शेवटचं घर काय पळून जातंय?" तो म्हणाला होता. त्या वेळी शेवटचं घर टाकीवरून दिसायचं, त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही.

मग गाव वाढलं. वाढलं म्हणजे काय, तर पावसाचं पाणी जिथे साचायचं तो खोलगट भाग भरून तिथे चार-चार मजले उभे राहिले. नकाशात बाग होती, रुंद रस्ता होता, झाडंसुद्धा काढली होती हिरव्या शाईने. गटाराला उतार तेवढा नव्हता. पाण्याची नळी आणि गटाराची नळी एकाच चरात टाकली, कारण रस्ता एकदाच खणायचा होता. चावीकाका तिथेच उभा होता. तो म्हणाला, "साहेब, निदान पाण्याची वर तरी घ्या." साहेब म्हणाले, "तात्पुरतं आहे हो." त्या तात्पुरत्याला नऊ वर्षं झाली.

या नव्या वसाहतीला पाणी एक दिवसाआड, तासभर. पाणी बंद झालं की नळी रिकामी होते, आणि रिकामी नळी सांध्यातून बाहेरचं आत ओढते. हे त्याला पुस्तकाने नाही, हाताने शिकवलं होतं. दुरुस्तीला उतरला की सांधा काळ्या गाळात बुडालेला असायचा. त्याने दोनदा तोंडी सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. आपणच रोज 'पाणी योग्य' लिहायचं आणि आपणच तक्रार करायची, हे त्याला जमेना.

आणि तरी एकुलती एक लेक त्याने त्याच वसाहतीत दिली. घर बघायला गेला तेव्हा जावयाची नोकरी विचारायच्या आधी त्याने स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला. बायको म्हणाली, "मुलगी देताय की कनेक्शन?" सगळे हसले. लग्नानंतर वसाहतीला गुपचूप चार फेरे जास्त मिळायला लागले. लेकीला पाणी भरपूर यावं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. माणसाला धोका ठाऊक असतो, पण तो आपलं घर सोडून बाकीच्यांसाठी आहे असं वाटत राहतं. मूर्खपणा म्हणतात तो हाच.

वसाहतीत कावीळ सुरू झाली तेव्हा लोक म्हणाले, बाहेरचं खाणं बाधलं असेल. चहाच्या टपरीवर कुणी विचारलंच तर चावीकाका ठणकावून सांगायचा, "पाणी रोज तपासतो मी." मग एक दिवस जावयाचा फोन आला. लेकीला सातवा महिना होता आणि तिचे डोळे पिवळे झाले होते. डॉक्टरीण बाईंनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की पोटुशीला ही कावीळ फार वाईट, दोघांपैकी कुणाचीच खात्री देता येत नाही.

त्या दिवशी सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्याने टाकीचा नळ सोडून दुसरीकडे, लेकीच्या स्वयंपाकघरात बाटली भरली. दोन थेंब टाकले. पाणी तसंच राहिलं. आणखी दोन टाकले, तरी तसंच. बाटली घेऊन तो तडक साहेबांकडे गेला. साहेबांनी आवाज चढवला नाही, नुसती वही पुढे सरकवली. "तीन महिन्यांच्या नोंदी बघा. सगळ्या पिवळ्या, खाली सह्या तुमच्या. आता मी वर काय सांगू?" पाणी उकळून प्या असा कागद निघायला अकरा दिवस लागले. तो कचेरीच्या मागच्या भिंतीवर लावला.

लेक वाचली. मूल मेलेलंच जन्मलं.

महिन्याभराने ती माहेरी आली. दुपारी आई आत होती, तेव्हा तिने सरळ विचारलं, "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

नाही म्हणता आलं असतं. "माहीत होतं," तो म्हणाला. "शेवटच्या घरापर्यंत बाटली घेऊन मी कधी गेलोच नाही."

ती म्हणाली, "समोरच्या दारातली विचारायला आली होती, पाणी उकळून पिऊ का म्हणून. तिलाही दिवस गेले होते. मी म्हटलं, कशाला गॅस जाळतेस, माझे वडीलच तपासतात."

समोरच्या दारातली काविळीने गेली होती, हे त्याला ठाऊक होतं. आपल्या लेकीच्या शब्दावर गेली, हे ठाऊक नव्हतं.

"तिच्या नवऱ्याला तोंड दाखवायची हिंमत नाही माझी. तुम्ही जा, बाबा. तुम्ही सांगा त्याला."

तो गेला. वाटेत वाक्यं जुळवत गेला. त्या माणसाने दार उघडलं, ओळखलं, आत घेतलं, खुर्ची पुसून दिली. मग पाण्याचा पेला आणून त्याच्या हातात देत तो म्हणाला, "घ्या काका, बिनधास्त घ्या. आता उकळूनच ठेवतो."