जांभळ्या शिक्क्याखालच्या दोन ओळी

रोज सकाळी चहा झाला की संतराम मास्तर शाईच्या डबीचं झाकण उघडत, आत दोन थेंब शाई टाकत आणि कालच्या पेपरच्या कडेला एक शिक्का मारून बघत. जांभळ्या गोलात अक्षरं उमटत : 'कै. सोमेश्वर जवळेकर साहित्य मंडळ, जवळा बाजार'. गोल पुरा उठला की मराठी साहित्याची आजची काळजी मिटली, अशा समाधानानं ते झाकण लावत.

मंडळात सात जण होते आणि सातही पदाधिकारी. साधा सभासद व्हायला कुणीच तयार नव्हतं. कथाकार जवळेकर जिवंत असताना गावानं त्यांना कधी चहाला बोलावलं नाही. ते गेल्यावर मात्र दरवर्षी हार, नारळ आणि तीन भाषणं. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर सचिव झाले, कारण पत्रं त्यांनाच लिहिता येत. 'आपले पत्र पोचले, आनंद वाटला' हे वाक्य ते इतक्या सुबक अक्षरात लिहीत की पुढे काही लिहायची गरजच उरत नसे.

मंडळाच्या आयुष्यात मोठी गोष्ट एकदाच घडली. जवळेकरांची बहीण नानीबाई पदराखाली एक वही घेऊन आली.

"दादाची शेवटची गोष्ट हाय. कुठं छापली न्हाई. तुमी संभाळा."

लगेच बैठक बसली. अध्यक्ष हरिचंद, बियाण्यांच्या दुकानाचे मालक, म्हणाले, "मास्तर, पानापानावर शिक्का मारा. कोपऱ्यात नका मारू, लोक कोपरा कापून नेतेत. मधोमध मारा."

ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. मास्तरांनी बासष्ट पानांवर त्रेसष्ट शिक्के मारले. शेवटच्या पानावर मजकूर निम्म्यातच संपत होता. तिथं शिक्का पुसट उठला, म्हणून त्याच्यावरच दुसरा, चांगला जोर देऊन. मग आवक क्रमांक घालून वही कपाटात. वाचू की सवडीनं, असं त्यांनी ठरवलं. ती सवडही अकरा वर्षं वहीशेजारी कपाटातच पडून राहिली.

गेल्या वर्षी पुण्याच्या प्राध्यापक प्रतीक्षाबाईंचं पत्र आलं. जवळेकरांच्या सगळ्या कथा त्या एकत्र छापत होत्या. मास्तरांनी वहीची झेरॉक्स पाठवली. पंधरा दिवसांत उलट पत्र :

'बाकीची पानं कशीबशी लागली. शेवटच्या दोन ओळी मात्र शिक्क्याखाली आहेत. वीस वर्षांनी माहेरी आलेली बहीण दारात उभी आहे. भावानं दार उघडलं का? वही आपण वाचलीच असेल. आठवतं ते कळवावं.'

मास्तरांनी शेवटचं पान उन्हात धरून पाहिलं, आरशात पाहिलं, भिंग लावून पाहिलं. जांभळं ते जांभळंच. पुन्हा बैठक बसली.

"उघडलं म्हनून लिवा की," हरिचंद म्हणाले. "येवढी तकलीफ काहून घेऊन राहिले?"

"व्हय," उपाध्यक्ष अल्लाबक्ष टेलर म्हणाले. "बराबर हाय. लोकायला बी आवडंल."

"आवडंल. पन त्यायनं तसं लिवलं व्हतं का?" मास्तरांनी विचारलं.

"म्हंजे? तुमी वाचलं न्हाई का मास्तर?"

"न्हाई. तुमी वाचलं?"

यावर सातही पदाधिकारी वरच्या पंख्याकडे बघू लागले. पंखा बंद होता.

घरी येऊन मास्तरांनी उत्तर लिहिलं. पहिल्यांदाच त्यात आनंद नव्हता. 'शिक्का मी मारला. वही मी वाचलेली नाही. खाली काय आहे, मला ठाऊक नाही.' पत्रावर त्यांनी शिक्का मारला नाही.

पुस्तक आलं. शेवटच्या कथेखाली बारीक टीप होती : 'येथील दोन ओळी जवळेकर साहित्य मंडळाच्या शिक्क्याखाली गेल्याने वाचता आल्या नाहीत.' हरिचंदांनी ती टीप तीनदा मोठ्यानं वाचली. मंडळाचं नाव पुस्तकात छापून आलं होतं! पेढे वाटले गेले, सचिवांच्या सत्काराचा ठरावही झाला. मास्तरांनी आपला पेढा कागदात गुंडाळून घरी आणला आणि बायकोला, गोजरबाईंना दिला.

त्या आठवड्यात त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. शिक्क्यांच्या कडेकडेनं, बोट ठेवून, दिवसाला दहा-बारा पानं. सत्कार रविवारी ठरला होता. शनिवारी दुपारी त्यांचा डोळा लागला, तो पुन्हा उघडला नाही.

त्याच सकाळी चहाच्या कपबशा उचलताना गोजरबाई म्हणाल्या होत्या, "डबी उघडीच हाय की वो. समदी शाई वाळून चालली."

"वाळू दे. ती वही तेवढी इकडं सरकव."