पहिल्या वढीचा हिसका

आमच्या रामरावच्या गळाला लागलेली मरळ सुटली असं खजुरी गावात कुणी कधी बघितलं न्हवतं. मी त्याची थोरली बहीण, चांगुणाबाई. मालक गेल्यापासून त्याच्याच घरी ऱ्हाते. भावाचं कौतुक करायची मला सवय न्हाई, उलट त्याला शिव्या घालण्यातच माझा जन्म गेलाय. गवंडीकाम चांगलं करायचा, भिंत वळंब्यात उभी करायचा, पण आयतवार आला की काठी घेऊन तळ्याकडं पसार. बगळ्यागत बसून ऱ्हायचा तिथं. पण खरं ते खरं. गळ टाकावा तर त्यानंच.

म्हणायचा, "अक्का, मासा गळानं घावत न्हाई, दमानं घावतो." बेडकीच्या पाठीच्या नुसत्या कातड्यातनं गळ घालायचा, म्हंजे ती मरत न्हाई, पाण्यात पाय मारत ऱ्हाती. आपण मागं सरून बसायचं, सावली पाण्यावर पडू द्यायची न्हाई. दोरी ढिली ठेवायची. मरळ आली की पहिली वढ देती आन् तिथंच सगळे चुकतात. तिनं बेडकी नुसती तोंडात धरलेली असती. ती न्हेऊन बेशरमीच्या झुडपाखाली थांबती, तिथं गिळती, मग निवांत चालायला लागती. ती दुसरी वढ. तवा हिसका द्यायचा, तोबी वर न्हाई, बाजूला. गावातल्या निम्म्या लोकांना त्यानं हे शिकवलं. कुणी घाई करून मासा घालवला की रामराव हसून विचारायचा, "कामून रं, घरी कोण आजारी हाय का?" सगळा काठ हसायचा.

त्याची बायको मंगल त्याच्यावर वरताण. कुणाच्या लग्नाला जमलेल्या बायकांना सांगायची, "मला बघायला आले, च्या पिऊन गेले, आन् महिनाभर सांगावाच न्हाई. दुसऱ्या वढीची वाट बघायलते!" रामराव लाजून बाहेर जायचा. माझ्याशी तिचं रोज भांडण, आन् माझ्याशिवाय तिला घास जात न्हवता. अशी व्हती बया.

मंगलच्या पोटात गाठ निघाली. गुलबर्ग्याच्या मोठ्या दवाखान्यात ऱ्हायलो. शेवटी डॉक्टर तिच्यासमोरच रामरावला कन्नडमध्ये म्हणाला, मनीगे करकोंड होग्री, घरी घेऊन जावा, आता आमच्या हातात काही न्हाई. मंगल उमरग्याकडची, कन्नड तिला बाजारापुरतं यायचं. तिनं विचारलं, "काय म्हणायलेत?" रामरावनं डोळ्याची पापणी हलू दिली न्हाई. म्हणला, "गाठ विरघळायलीय म्हणत्यात. घरी न्हेऊन चांगलंचुंगलं खाऊ घाला."

मला कन्नड येतं. भायेर आल्यावर त्यानं माझा हात धरला. "अक्का, तिला कळू द्यायचं न्हाई. हाय तेवढे दिस हसत जाऊ दे." मी म्हणले, बरं. आन् घरी येऊन त्या माउलीसंगं रोजच्यागत भांडत ऱ्हायले.

पण तिचं खाणंच सुटलं. भाताची पेज घेतली तरी भायेर. लेक संध्या सासरहून आली, तिनं लई मिनत्या केल्या, काही उपेग न्हाई. आन् एक दिवस सकाळी सकाळी मंगल आपल्या तोंडानं म्हणली, "मरळीचं कालवण खावंसं वाटायलंय."

रामराव उठलाच. मी पाट्यावर खोबरं वाटून ठेवलं, येसराचा मसाला काढला, आन् संध्याला तिच्याजवळ बसवून त्याच्या मागं तळ्यावर गेले. घरात मंगलसमोर माझं सोंग टिकंना.

त्यानं बेडकी लावली, गळ टाकला, मागं सरून बसला. ऊन चढायलं. दोरीला बांधलेला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा डुलायला लागला आन् फटकन बुडाला. पहिली वढ. मला काय, आमच्या आळीतल्या शेंबड्या पोरालाबी ठावं, आता थांबायचं. पण रामरावच्या हातानं हिसका दिला. वरच्या वर, सगळ्या जोरानं.

रिकामा गळ भायेर येऊन त्याच्या तोंडापुढं लोंबायला लागला. तो गळाकडं बघतच ऱ्हायला. मी कधी न्हाई ते शिवी दिली न्हाई. दिवस कलेपर्यंत बसलो, परत कुणी दोरीला शिवलं न्हाई.

घरी आलो. मंगल उशीला टेकून वाटच बघायलती.

"घावली?"

"सुटली."

"सुटली? तुमच्या हातनं?" तिला हसू आलं. "कशी काय?"

डॉक्टरचं खोटं सांगताना ज्याची पापणी हलली न्हाई, त्याला माशाचं खोटं काही सांगता येईना. मान खाली घालून म्हणला, "पहिल्याच वढीला हिसका दिला."

मंगल हसत व्हती. हसत हसतच म्हणली, "कामून? घरी कोण आजारी हाय का?"

आन् तिचं हसू तिथंच थांबलं. रामरावचा व्हट थरथरायलता. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी पदर तोंडाला लावला. तिथंच सगळं उघडं पडलं.

"इतकी व्हय," ती हळूच म्हणली. "इतकी आजारी हाय मी."

रामरावनं तिच्या पायावर डोकं ठेवून हंबरडा फोडला. एवढा दांडगा गडी, लेकरागत रडला. ती त्याच्या केसातनं हात फिरवत ऱ्हायली. म्हणली, "गप ऱ्हावा. संध्या आत हाय, ऐकंल ती. आता मला कुठं न्हेऊ नका बघा. आन् कालवणाचं जाऊ द्या, मला तसंबी गेलं नसतं. तुमी कुठंतरी उठून जावं, थोडं हसावं, म्हणून मागितलं."

पुढचा आयतवार तिनं बघितला न्हाई.

पुण्यानुमोदन झालं, पाव्हणे पांगले, तवा रामराव काठी घेऊन तळ्यावर गेला. मला बरं वाटलं. दुपारी भाकर घेऊन गेले तर दोरी पळायलती. बेशरमीखाली जाऊन थांबली. तो बसलेला, दम धरून, पहिल्यागत. मग दोरी परत चालायला लागली, निवांत.

"आता! आता दे की हिसका, येड्या!" मी वरडले.

त्यानं काठी मांडीवरनं खाली ठेवली.

"कुणाला खाऊ घालू, अक्का?"

काठी चिखलातनं सरकत सरकत पाण्यात गेली. मी त्याच्याजवळ बसले, भाकरीचं फडकं तसंच बांधलेलं व्हतं.