हाव म्हणजे हो नव्हे

लोह्याकडच्या आमच्या गावात विहिरी आटल्या, म्हणून मी फौजेत भरती झालो. ट्रेनिंगनंतर पहिलीच पोस्टिंग मिळाली ती वाळवंटात. नशीब तरी बघा!

सीमेजवळ जमिनीत राहून गेलेले जुने सुरुंग काढायचे, हे आमचं काम. आमचा उस्ताद लान्स नायक कांबळे, औशाकडचा. एकदा क्लार्कने त्याला जिल्हा विचारला. कांबळे सरळ उभा राहून म्हणाला, "ठावं न्हाई. सुटीवर गेलतो तवा उस्मानाबाद व्हता. आता घरून पत्र आलंय, लातूर झालाय म्हून." सगळी प्लाटून हसली. तो हसला नाही. सुरुंगाला हात लावणाऱ्याने माहीत नसलेलं सरळ माहीत नाही म्हणावं, हा त्याचा नियम होता, आणि जिल्ह्यालाही त्यातून सूट नव्हती.

माझी खोड उलटी. आमच्याकडे ऐकणारा माणूस मध्ये मध्ये 'हाव, हाव' करतो. म्हणजे एवढंच, की बोला, ऐकतोय. मी रेडिओवरही तेच करायचो.

त्या दिवशी नऊ वाजेपर्यंत आम्ही गाडी जाईल एवढी लेन साफ केली आणि दोन्ही कडांना पांढरी टेप लावली. अकराला वावटळ आली. एका बाजूच्या खुंट्या उपटून टेप उडाली. कांबळे मागे जीपपाशी होता. त्याला कशाला विचारायचं, म्हणून मी अंदाजाने खुंट्या परत ठोकल्या. तेवढ्यात रेडिओवर कॅप्टनसाहेबांचा आवाज आला.

"पाण्याचा ट्रक पाठवतोय. आठ जण आहेत. लेन क्लिअर? ओव्हर."

"हाव..."

"रॉजर. आउट."

ट्रक निघाला. बोलावं तर सगळ्यांदेखत शोभा, न बोलावं तर आठ माणसं. मी सेट घट्ट धरला.

"ट्रक रोखा! टेप मी अंदाजाने लावलीय. लेन नक्की कुठे आहे, मला माहीत नाही. ओव्हर!"

ट्रक टेपपासून वीस पावलांवर थांबला. कांबळे आला, पोटावर झोपला आणि सळईने वाळू टोचत पुढे सरकला. टेपच्या हातभर आत, ट्रकच्या वाटेतच, सुरुंग निघाला. आता शिव्या बसणार, असं मी धरून चाललो होतो.

"येळेवर बोललास गड्या," तो म्हणाला. "पन ह्यापुढं टेपला हात लावू नगंस." त्याने लेन पुन्हा आखली आणि ट्रक आल्यावर पाण्याचा पहिला मग मलाच दिला.

दोन वर्षांनी कांबळे दुसऱ्या सेक्टरमध्ये सुरुंग काढतानाच गेला. मी तेव्हा लांब होतो. सुटीत त्याच्या गावी जाऊन त्याच्या आईला भेटलो.

"लेकरा, लई दुखलं आसंल का रं त्याला?" तिने विचारलं.

आधी भेटून गेलेले सगळे म्हणाले होते, नाही, क्षणात गेला. माझ्याही ओठांवर तेच आलं होतं.

"मी तिथं नव्हतो, मावशी. मला सांगता यायचं न्हाई."

तिने डोळे पुसून चुलीवर चहा ठेवला.

"बरं. मंग तुला जे ठावं हाय, ते सांग."

मी त्या पाण्याच्या ट्रकपासून सुरुवात केली. माझी फजिती ऐकून ती पदर तोंडाला लावून हसली.

"आनखी सांग," म्हणाली.